समाधान : मन नीट ठेवण्याचं क्रियापद



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 12, श्लोक 8 ते 11. सोबत ज्ञानेश्वरीतल्या याच श्लोकांवरच्या ओव्या. पोथी हाताशी असेल तर आधी एकदा वाचून घ्या आणि मग इथे या. उलट केलंत तरी चालेल, पण वाचा नक्की.

आज मी चारही श्लोकांचा सविस्तर अर्थ सांगणार नाही. आज फक्त एक क्रियापद घेऊया. आठव्या श्लोकात ते एका रूपात येतं, नवव्यात दुसऱ्या रूपात. आपण रोज मराठीत ते वापरतो आणि ते क्रियापद आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. ते आहे ‘समाधा’. सम्, आ आणि धा. त्याचं नाम म्हणजे आपलं रोजचं ‘समाधान’.

पण त्याआधी हा शब्द माझ्यापर्यंत कसा आला ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं खोटं होईल.

एक फोन

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवारची संध्याकाळ होती, आमचं रिलीज होतं. एका स्क्रीनवर लॉग चालू, दुसऱ्यावर टीमचा कॉल, आणि फोनवर बाबा. बाबा गावी असतात. ते काहीतरी सांगत होते, मी ‘हं, हं’ म्हणत होतो. शेवटी म्हणालो, ‘‘बाबा, रविवारी येतोच आहे, तेव्हा बघू.’’ ते ‘‘बरं’’ म्हणाले आणि फोन ठेवला.

रात्री झोपताना आठवायचा प्रयत्न केला. ‘डोळ्यांचं काहीतरी म्हणत होते’ एवढंच आठवलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मीच ठरवून टाकलं.

रविवारी घरी पोचलो तेव्हा कळलं. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की डाव्या डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके उडायला लागलेत आणि कडेला सावली आल्यासारखी वाटतेय. रविवारपर्यंत ती सावली मधोमध आली होती. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पडदा परत बसला, पण त्या डोळ्याला आता आकार दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. डॉक्टर शांतपणे एवढंच म्हणाले की यात दिवस नाही, तास मोजायचे असतात. (तुमच्या घरी कोणी असं काही बोललं, म्हणजे अचानक ठिपके, वीज चमकल्यासारखं, कडेने पडदा, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आजच्या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.)

बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ‘‘अरे, तू कामात होतास’’ एवढंच म्हणाले. आणि ते खोटं होतं. कारण त्या कॉलवर माझं काही कामही नव्हतं, मी नुसता ऐकत होतो. खरं सांगायचं तर तेही ऐकत नव्हतो. मी त्या संध्याकाळी कुठेच नव्हतो.

ऑपरेशननंतर त्यांना बरेच दिवस पालथं पडून राहायला सांगितलं होतं, कारण डोळ्यात भरलेल्या गॅसच्या बुडबुड्याने पडदा दाबून धरायचा असतो. रोज ज्ञानेश्वरी वाचणारा माणूस, आणि पोथी हातात धरता येईना. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘तू वाच, मी ऐकतो.’’ पोथीतली खूण बाराव्या अध्यायात होती. म्हणून बारावा अध्याय.

क्रियापद उघडून बघूया

इंजिनिअरची सवय आहे, शब्द दिसला की त्याचे भाग सुटे करावेसे वाटतात. तर,

सम् म्हणजे एकत्र, नीट.
आ म्हणजे इकडे, जवळ, पर्यंत.
धा म्हणजे ठेवणे.

तिन्ही जोडले की ‘समाधा’ म्हणजे विखुरलेलं गोळा करून, जवळ आणून, एका ठिकाणी नीट ठेवणं. आज आपण ज्याला ‘फोकस करणं’ म्हणतो, त्याच्या हे अगदी जवळ जातं. पण एक फरक आहे, आणि माझ्यासाठी सगळं त्या फरकात आहे.

फोकस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतं ते ताणणं. कपाळाला आठ्या, कानाला हेडफोन, नोटिफिकेशन बंद, कॅलेंडरमध्ये दोन तासांचा ठोकळा. बाकीच्यांना बाहेर ठेवायचं आणि मनाला दामटवून बसवायचं. गीतेचं क्रियापद मात्र दामटवण्याचं नाही. ते ठेवण्याचं आहे. पाटावर ताट ठेवावं, देव्हाऱ्यात निरांजन ठेवावं, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं, तसं. ठेवताना हात हलका लागतो. आणि ठेवण्याआधी ती वस्तू आत्ता कुठे पडली आहे हे शोधावं लागतं.

आता ‘धा’ या धातूकडे बघूया. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात या धातूचे अर्थ दिले आहेत धारण आणि पोषण. धरून ठेवणं आणि पोसणं. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. कारण याचा अर्थ असा होतो की मन जिथे ठेवलं, त्याला आपण नुसतं धरत नाही, त्याला आपण खाऊ घालतो. दिवसातले चार तास मी रील्सवर मन ठेवलं तर चार तास मी रील्स पोसले. एखाद्या सहकाऱ्याच्या टोचऱ्या ईमेलवर रात्रभर मन ठेवलं तर रात्रभर त्या रागाला जेवू घातलं. आणि ज्याच्यावर मन ठेवलं नाही, ते माणूस असो की नाम, ते उपाशी राहिलं.

आणखी एक गंमत बघा. ‘धा’ धातूचं भूतकाळवाचक विशेषण होतं ‘हित’. म्हणजे ‘ठेवलेलं’. निहित, विहित, समाहित या सगळ्यांत तेच ‘हित’ आहे. आपण मराठीत ‘तुझ्या हिताचं सांगतो’ म्हणतो तो ‘हित’ही मुळात हाच, योग्य जागी ठेवलेला. ज्याचं मन नीट ठेवलेलं आहे तो समाहित. माझं हित कशात आहे, याचं अर्धं उत्तर माझं मन कुठे ठेवलेलं आहे यात येतं.

इथे एक सावधगिरी. ध्यान, धारणा आणि समाधी हे तीन शब्द आपण एका दमात म्हणतो. पतंजलींच्या योगसूत्रांत तिसऱ्या पादाच्या सुरुवातीला ते याच्याजवळच्या क्रमाने येतात : आधी धारणा, मग ध्यान, मग समाधी. पण तिघांचे धातू वेगळे आहेत. धारणा ‘धृ’पासून, ध्यान ‘ध्यै’पासून, आणि समाधी ‘धा’पासून. धरणं, चिंतणं आणि ठेवणं. त्यामुळे ‘ध्यान दे’ आणि ‘अवधान दे’ यांत आवाज सारखा वाटला तरी मूळ एक नाही.

गीतेत हे क्रियापद कुठे कुठे येतं

पहिलं ठिकाण, 12.8. भगवंत अर्जुनाला म्हणतात, माझ्या ठायीच मन ठेव, माझ्या ठायी बुद्धी स्थिर कर. मनासाठी वापरलेलं रूप आहे ‘आधत्स्व’. आ अधिक धा, आज्ञार्थ, मध्यम पुरुष, एकवचन. आणि महत्त्वाचं म्हणजे आत्मनेपद. ‘धा’ धातू दोन्ही पदांत चालतो. व्याकरणाचा नियम असा की अशा धातूंच्या बाबतीत क्रियेचं फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद वापरायचं. छंदाची सोयही असेल, मी नाकारत नाही. पण मला ते असं ऐकू येतं : मन माझ्या ठायी ठेव, आणि ते तुझ्यासाठी ठेव. देवाला माझ्या लक्षाची गरज नाही. गरज मला आहे.

दुसरं ठिकाण, 12.9. इथे रूप आहे ‘समाधातुम्’, म्हणजे ‘नीट एकवटून ठेवायला’. आणि ते कुठल्या वाक्यात येतं बघा. चित्त माझ्या ठायी स्थिर ठेवायला तुला जमत नसेल, तर अभ्यासाच्या योगाने मला मिळवायची इच्छा धर. म्हणजे आज्ञा दिल्यावर लगेच पुढच्याच श्लोकात भगवंत धरून चालतात की याला हे जमणार नाही! मला हा श्लोक फार जवळचा वाटतो. आठव्यात सांगितलं आणि नवव्यात समजून घेतलं. आमच्याकडे एखाद्याने टास्क दिलं आणि पुढच्या मिनिटाला ‘नाही जमलं तर असं कर’ असं प्रेमाने सांगितलं, असं फार क्वचित होतं.

तिसरं ठिकाण, 17.11. इथे रूप आहे ‘समाधाय’, म्हणजे ‘नीट ठेवून’. सात्त्विक यज्ञ कोणता, हे सांगताना भगवंत म्हणतात की फळाची इच्छा न धरता, विधीप्रमाणे, ‘हे करायचंच आहे’ एवढ्यावर मन ठेवून जो केला जातो तो. इथे मन कुठल्या मूर्तीवर ठेवलेलं नाही. ते समोरच्या कर्तव्यावर ठेवलेलं आहे. भांडी घासताना भांड्यांवर, कोड लिहिताना कोडवर, आणि बाबांचा फोन आला तर बाबांवर. गीतेच्या हिशेबाने हेही त्याच क्रियापदाचं काम आहे. देवघरातलं समाधान वेगळं आणि ऑफिसमधलं वेगळं, असा भेद हे क्रियापद करत नाही.

मराठीतली भावंडं

आता जरा आपल्या भाषेत बघूया. ‘धा’चं घराणं आपल्याकडे फार मोठं आहे.

अवधान : मन खाली, समोरच्या गोष्टीवर ठेवणं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच माउली श्रोत्यांकडे अवधान मागून करतात. तुम्ही फक्त अवधान द्या, म्हणजे सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असा त्याचा भाव आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशात हा ग्रंथ सांगितला गेला. इतका मोठा वक्ता, आणि श्रोत्यांकडे मागतो काय, तर फक्त लक्ष.

सावधान : अवधानासह असलेला. लग्नात मंगलाष्टकांनंतर आपण हा शब्द इतक्यांदा ऐकतो की तो ऐकूच येत नाही. समर्थ रामदासांनी तो ऐकला आणि ते बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा परंपरेत सांगतात. बाकीचे वऱ्हाडी अक्षता टाकत होते. शब्द सगळ्यांच्या कानावर पडला होता.

व्यवधान : संस्कृतात याचा अर्थ मध्ये ठेवलेली गोष्ट, आड येणारी. माझ्या आणि बाबांच्या मध्ये त्या दिवशी जे काही होतं ते.

श्रद्धा : यातही ‘धा’ आहे. श्रत् अधिक धा. म्हणजे श्रद्धा ही नुसती मनातली भावना नाही, ती मन कुठेतरी ठेवण्याची क्रिया आहे. भावना येते-जाते. ठेवलेलं राहतं.

अनुसंधान : ठेवलेला धागा तुटू न देता त्याच्या मागोमाग राहणं. गोंदवलेकर महाराजांच्या प्रवचनांत अनुसंधान आणि समाधान हे दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. नामाने अनुसंधान टिकतं आणि अनुसंधानातून समाधान येतं, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा.

समाधी : हाही तोच शब्द. आळंदीला आपण ‘समाधीचं दर्शन’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दगडी जागा येते. मूळ अर्थ मात्र क्रियेचा आहे, पूर्णपणे नीट ठेवलं जाणं.

आणि आता आपला आजचा शब्द, समाधान. वेदान्तात साधकाची सहा साधनं सांगतात : शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान. तिथे समाधानाचा अर्थ आहे चित्ताची एकाग्रता. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या तत्त्वबोधातही हाच अर्थ दिला आहे. पण मराठीत समाधान म्हणजे काय? तृप्ती. पोटभर जेवल्यावर ‘समाधान झालं’. प्रश्नाचं उत्तर मिळालं की ‘शंकासमाधान’. कमी मिळालं तरी ‘समाधान मानून घे’.

एकाग्रतेचा शब्द तृप्तीचा कसा झाला? मला वाटतं, आपल्या भाषेने हे अनुभवाने ओळखलं आहे. मन एका जागी नीट ठेवलं की जे वाटतं त्यालाच आपण समाधान म्हणायला लागलो. कारणाचं नाव परिणामाला मिळालं. आणि आपली पिढी, मी स्वतः, नेमकं उलटं करतो. परिणामवालं समाधान शोधत फिरतो, नवीन फोनमध्ये, पगारवाढीत, ट्रेकच्या फोटोंत. आणि कारणवालं समाधान, मन गोळा करून ठेवण्याचं, ते कधी करतच नाही. मग रात्री अकराला वाटतं, दिवसभर इतकं केलं तरी काहीतरी राहिलंय. राहिलेलं असतं ते आपणच. दहा ठिकाणी थोडे थोडे.

माउलींनी दिलेली सवलत

आता परत बाबांच्या खोलीत. बाबा पालथे पडलेले, मी बाजूला खुर्चीवर पोथी घेऊन. नवव्या श्लोकावरच्या ओव्या आल्या.

तिथे माउली जे सांगतात त्याचा भाव असा. संपूर्ण चित्त मला देता येत नसेल, तर आठ प्रहरांमधून निमिषभर तरी देत जा. निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. जेवढे निमिष माझं सुख अनुभवतील, तेवढ्यापुरती विषयांची गोडी कमी होईल. मग दोन सुंदर दाखले येतात. शरद ऋतू लागला की नदीचा पूर हळूहळू ओसरतो, तसं चित्त प्रपंचातून निघू लागेल. आणि पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होत अवसेला दिसेनासा होतो, तसं भोगातून निघालेलं चित्त माझ्यात शिरत जाईल. यालाच अभ्यास म्हणतात. आणि अभ्यासाने न जमण्यासारखं काही नाही. अभ्यासाच्या बळावर कोणी अंतराळात चालले, कोणी वाघ-साप माणसाळवले, कोणी विषही पचवलं.

दाखले नीट बघा. दोन्हींत घाई नाही. शरदातल्या नदीला कोणी उपसत नाही. चंद्र एका रात्रीत कापला जात नाही. एका दिवसाचा फरक तर डोळ्यांना कळतही नाही. सुरुवात निमिषापासून, आणि रोज.

हे मी मोठ्याने वाचत होतो. आणि वाचता वाचता उजव्या मांडीवरचा फोन थरथरला. मी न थांबता, ओवी म्हणत म्हणतच, खाली नजर टाकून मेसेज वाचला. मला वाटलं जमलं. बाबांचं तोंड गादीत होतं, त्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं. ते म्हणाले, ‘‘थांब. ती ओवी परत वाच. तू वाचलीस, पण तू नव्हतास.’’

निमिषभर दे, असं सांगणारी ओवी वाचताना मला निमिषभरही देता आलं नव्हतं. आणि ज्यांना दिसत नव्हतं त्यांना ते ऐकू आलं होतं. मला तेव्हा कळलं की त्या मंगळवारीही त्यांना ते ऐकू आलं असणार. माझ्या ‘हं’मध्ये. म्हणूनच त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

मी फोन उठून बाहेरच्या खोलीत ठेवून आलो. ठेवून. धा. आणि ओवी परत वाचली.

जमत नसेल तर

दहाव्या आणि अकराव्या श्लोकात भगवंत अजून दोन पायऱ्या खाली उतरतात. अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही जमत नसेल तर कर्माच्या फळाचा त्याग कर. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एक मार्ग बंद पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा. यूजर अडकून राहता कामा नये.

दहाव्या श्लोकावर माउली म्हणतात, अभ्यासाचं बळ नसेल तर आहेस तसा राहा. इंद्रियं कोंडू नकोस, कुळधर्म पाळ, सुखाने वाग. फक्त जे घडतं ते ‘मी केलं’ असं म्हणू नकोस. माळी नेईल तिकडे पाणी निमूट जातं, तसा हो.

काही जण हे वाचून म्हणतात, म्हणजे एकाग्रता नाही जमली तरी चालेल ना? चालेल, पण पायऱ्यांचा रोख बघा. शेवटच्या पायरीवरही काहीतरी ठेवायचंच आहे. फळ खाली ठेवायचं आहे. मन देवाजवळ ठेवता येत नसेल तर निदान जे हातात घट्ट धरलं आहे ते तरी सोड. माझ्या बाबतीत ते फळ होतं ‘मी सगळीकडे उपलब्ध असतो’ ही शाबासकी. टीमच्या प्रत्येक मेसेजला दोन मिनिटांत उत्तर देणारा माणूस. ते खाली ठेवल्यावर बाकीचं मन उचलायला हात मोकळा झाला.

आणि हेही सांगायला हवं. मन भटकणारच. सहाव्या अध्यायात अर्जुन स्वतः तक्रार करतो की मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण आहे. भगवंत त्याला ‘छे, सोपं आहे’ म्हणत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय देतात. त्याच्या थोडं आधी, 6.26 मध्ये, सांगितलेलं असतं की मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून परत आणायचं. म्हणजे परत आणणं हाच अभ्यास. दहा वेळा भटकलं आणि दहा वेळा परत आणून ठेवलं, तर तुम्ही दहा वेळा नापास झालेला नाहीत. दहा वेळा हे क्रियापद केलंत.

आज काय करायचं

बाबा आता उठून बसतात, फिरतात, उजव्या डोळ्याने पेपर वाचतात. पोथीही वाचू शकतील. पण रोज रात्री नऊला मी पुण्यातून फोन करतो आणि अकरा ओव्या वाचतो. लॅपटॉप मिटलेला. कधी कधी वाचून झाल्यावर ते सांगतात, ‘‘आज मधल्या दोन ओव्यांना तू नव्हतास.’’ बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

त्यांचा डोळा परत येणार नाही. मी हे लिहून हलकं करायचा प्रयत्न करत नाहीये. पण त्या पाच दिवसांनी मला जे शिकवलं ते एवढंच आहे की लक्ष देणं ही सभ्यतेची गोष्ट नाही, ते पोसणं आहे. ज्याला दिलं नाही, त्याचं काहीतरी कायमचं जाऊ शकतं.

तर आजच्यासाठी तीन छोट्या गोष्टी :

1. आज एकदा, फक्त एकदा, नाम घेताना स्वतःला विचारा, ‘मन आत्ता कुठे ठेवलेलं आहे?’ ओढू नका. उचला आणि नामावर ठेवा. निमिषभर पुरे.

2. आज घरातलं कोणी बोलायला आलं तर हातातली वस्तू खाली ठेवा. फोन, चमचा, माऊस, काहीही. हात ठेवला की मन ठेवणं सोपं जातं, करून बघा.

3. रात्री झोपताना ‘आज समाधान वाटलं का?’ असं विचारण्याऐवजी ‘आज समाधान केलं का?’ असं विचारा. क्रियापद म्हणून.

आणि आज कोणाचा फोन ‘हं, हं’ म्हणत ठेवला असेल, तर हे वाचून झाल्यावर परत लावा. विचारा, ‘‘मघाशी काय म्हणत होतात?’’

उद्या 12.12 घेऊ.

राम कृष्ण हरी.